‘नॉर्डलिस’चा जबाब

१

संगप्पाकाकांची वही चोरीला गेल्याचं मंगळवारी दुपारी उघड झालं. ती वही बघायला मुंबईहून आरमाराचे एक कमांडरसाहेब येणार होते गुरुवारी सकाळी. म्हणजे हातात धड दोन दिवसही नव्हते.

काकांच्या घरच्या शिवम्माकाकू आमच्या दारात आल्या तेव्हा दोन तांबे पाण्यात पाच माणसांची भांडी कशी घासायची, या विवंचनेत मी होते. १९८३ चा मे महिना. लातूर जिल्हा होऊन नऊ महिने झाले होते आणि अहमदपुरात नळ कोरडे पडून तीन. जिल्हा मिळाला, आता पाणीही मिळेल, असं आमचे पुढारी सांगत होते. आम्ही हंडे घेऊन ऐकत होतो.

"मास्तर हाईत का, बाई?" काकूंनी विचारलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

मास्तर म्हणजे माझे वडील, रेणुकादास. नांदेडच्या तार ऑफिसात बत्तीस वर्षं बटणावर बोट ठेवून बसले आणि निवृत्त झाल्यावर गोदावरीकाठचं पाणी सोडून, या दुष्काळात, लेकीकडे राहायला आले. शहाणपणाची गोष्ट म्हणाल तर एवढी एक सोडून बाकी त्यांना बरंच शहाणपण होतं. पलीकडच्या गावचा कोण माणूस तार ठोकतोय हे ते नुसत्या टकटकीवरून सांगत. गावात कुणाची म्हैस हरवली तरी लोक आधी आमच्याकडे येत, मग पोलिसांकडे.

काकांचं घर समोरच. आतल्या खोलीत लोखंडी ट्रंक उघडी होती. कुलूप शाबूत होतं, किल्ली काकूंच्या कमरेला होती. आत काकूंचं लग्नातलं लुगडं, एक पितळी घागर आणि कमांडरसाहेबांचं इंग्रजी पत्र. पत्राखाली कापडात गुंडाळलेली वही असायची, ती नव्हती. कापड मात्र नीट घडी करून ठेवलेलं होतं.

"चोर मोठा टापटिपीचा दिसतोय," मी म्हणाले. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

संगप्पाकाका भिंतीला टेकून घोंगडीवर बसले होते. वय त्रेसष्ट, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे गेलेले. गळ्यातल्या लिंगाच्या दोऱ्यावर त्यांची बोटं फिरत होती.

"आमचं काय, मास्तर," ते म्हणाले. "आमाला लोक चाळीस वर्सं जहाजबुडव्या म्हनून राहिले, आनखी चार वर्सं म्हनतील. पन त्या दिवेवाल्याचं काय? त्याच्याकडून बोलनारं एक मी हाय आन् एक ती वही. मला तर कुनी मानत न्हाई."

२

हा दिवेवाला कोण ते सांगायला हवं.

निजामाच्या राज्यातून पळून जाऊन काका लढाईच्या काळात आरमारात शिरले. ‘चंद्रभागा’ नावाच्या छोट्या पहाऱ्याच्या जहाजावर त्यांना काम मिळालं, दिव्याची उघडझाप करून दुसऱ्या जहाजांशी बोलायचं. अंधारात एखादं जहाज दिसलं की दिव्यानं खूण विचारायची. ते आपल्या बाजूचं असेल तर ठरलेली दोन अक्षरं उलट पाठवणार. ही अक्षरं रोज रात्री बाराच्या ठोक्याला बदलायची. पाळी संपली की काका आपल्या वहीत चोरून दिवसाचं लिहून ठेवायचे.

फेब्रुवारी १९४४. बावीस तारीख, मंगळवार, महाशिवरात्र. त्या रात्री अरबी समुद्रात ‘नॉर्डलिस’ हे नॉर्वेचं मालवाहू जहाज समोर आलं. नॉर्वे आपल्याच बाजूनं लढत होता. काकांनी दिव्यानं विचारलं. पलीकडून आर्ने नावाच्या पोरानं जबाब दिला, के आर. काकांनी जहाजाच्या कप्तानसाहेबाला सांगितलं, जबाब बरोबर आहे. साहेब म्हणाला चूक आहे, आणि तोफ डागली. ‘नॉर्डलिस’ बुडालं. अकरा माणसं गेली, त्यात आर्नेही.

चौकशीत सगळा वाद एकाच गोष्टीवर आला. मंगळवारची अक्षरं होती डी व्ही. के आर ही बुधवारची. साहेब म्हणाला, तेव्हा पावणेबारा वाजले होते, म्हणजे मंगळवारच होता, म्हणजे नॉर्वेवाल्याचा जबाब चुकला. वाचलेले नॉर्वेवाले म्हणाले, पाऊण वाजला होता, बुधवार लागला होता, जबाब बरोबर होता. काकाही तेच म्हणाले. ‘चंद्रभागा’च्या नोंदवहीचं नेमकं तेच पान पाण्यानं भिजलं होतं. अशी पानं भिजायला बरोबर वेळ साधतात.

निकाल लागला तो असा. आर्नेनं चूक केली. आणि संगप्पा हा सकाळपासून उपाशी असल्यानं त्याला भोवळ आली होती, वेळेचं भान नव्हतं. काकांची नोकरी गेली.

"वही तवाच का नाही दाखवली?" बाबांनी विचारलं.

"लढाईत असं लिवून ठेवायला बंदी व्हती. दाखवली असती तर तुरुंगच."

बाबांनी पत्र उघडून मला वाचायला दिलं. कमांडरसाहेब आरमाराच्या जुन्या वादांवर पुस्तक लिहीत होते. नॉर्वेच्या खलाशांच्या संघटनेनं त्यांना गाठलं होतं. ‘चंद्रभागा’ मुंबईहून शनिवारी, एकोणीस फेब्रुवारीला पहाटे तीन वाजता निघाली इथपासून सगळ्या सरकारी नोंदी पत्रात होत्या, रोजची अक्षरंसुद्धा. त्या रात्री जहाजावर कुणी काही लिहून ठेवलं असेल तर तो पुरावा दोन्ही देशांच्या कागदांना जोडला जाईल, असं त्यांनी कळवलं होतं. पुस्तक महिनाअखेर छापायला जाणार होतं. शेवटी दोन ओळी होत्या. आर्नेची बहीण इंगा अजून आहे. तिच्या गावात बुडालेल्यांच्या नावांचा दगड बसवला, त्यावर दहाच नावं आहेत, कारण बाकीच्या घरांनी आर्नेचं नाव घालू दिलं नाही.

ते वाचून मी पत्र खाली ठेवलं. 

३

"संशयाची माणसं किती?" मी बाबांना विचारलं.

"तीन. आणि तिघंही ओळखीची, हीच अडचण."

पहिले वीरभद्रअप्पा, काकांचे धाकटे भाऊ. त्यांची मार्केट यार्डात आडत होती. त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं.

"म्या घेतली न्हाई," गादीवरून न उठता ते म्हणाले. "पन म्या म्हनलो व्हतो वैनीला, जाळून टाक ती वही म्हनून. पावने येऊन राहिलेत पोरीला बघाया. त्यात पेपरात आलं, जहाजबुडव्याची पुतनी, तर? तुमी सांगा मास्तर."

"वही वाचली होती तुम्ही?"

"कन्नड अक्षरात हाय ती. दादा आजोळी शिकला, बीदरकडं. आमाला बोलाया येतं, वाचाया न्हाई."

दुसरे लिंबाजी. कंधारकडचे, काकांबरोबर त्याच जहाजावर तोफेला गोळे द्यायला होते. काकांच्या उपासाची साक्ष दिली ती यांनीच. पत्र आल्याचं कळल्यावर सोमवारी येऊन दिवसभर ओसरीवर बसले, रात्री तिथंच झोपले. काका त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. आता ते एसटी स्टँडावर, कंधारच्या गाडीची वाट बघत होते. दोन गाड्या त्यांनी सोडून दिल्या होत्या, हे कंट्रोलरनं आम्हाला आधीच सांगितलं होतं.

"वहीचं मला काय, बाई? सही बी अंगठ्याची हाय माझी," ते म्हणाले. मग त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. "इंग्रजानं इचारलं, ह्यो उपाशी व्हता का? म्या म्हनलो हाव. इचारलं, तू पाळीवर आलास तवा कसा उभा व्हता? म्या म्हनलो, डोळे मिटून, छातीला हात लावून. खरं तेच सांगितलं. खरं बोलल्यानं मानूस मातीत जातो हे तवा मला ठावं नव्हतं."

मला त्यांची फार दया आली. बाबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि गुरुवारपर्यंत थांबा म्हणून सांगितलं. ते लगेच कबूल झाले. त्यांना जायचंच नव्हतं.

तिसरा मल्लिकार्जुन, काकांचा एकुलता मुलगा. लातूरच्या नव्या जिल्हा कचेरीत कारकून, रोज एसटीनं जाऊन येऊन करायचा. संध्याकाळी तो आला तेव्हा बाबांनी आधी काकूंना विचारलं.

"ट्रंक शेवटची कधी उघडली?"

"सोमवारच्या राती. टँकर आला म्हनून वरडा झाला. मोठी घागर काढाया ट्रंक उघडली. तवा वही व्हती. घाईत कुलूप लावायचं राहिलं, ते पानी घेऊन आल्यावर लावलं."

"आणि मल्लिकार्जुन, तू कुठं होतास टँकर आला तेव्हा?"

"मंगळवारी पहाटे ना? मी एक हंडा आणला आणि परत येऊन आडवा झालो. सातची गाडी धरायची होती."

घरी आल्यावर बाबा येरझारा घालायला लागले.

"आई म्हणते सोमवारी. मुलगा म्हणतो मंगळवारी. दोघांतलं कुणीतरी खोटं बोलतंय, लता. का दोन टँकर आले होते?"

"एका आठवड्यात दोन टँकर आले असते तर मी गल्लीत पेढे वाटले असते," मी म्हणाले. "एकच आला. मीही रांगेत होते."

"मग एका दिवसाची ही तफावत का?"



४

रात्रीचं जेवण होईतो बाबांनी ते पत्र चार वेळा वाचलं. पाचव्यांदा त्यांनी कागद दिव्यासमोर आडवा धरला आणि मला बोलावलं.

अक्षरांच्या यादीत, बावीस तारखेच्या ओळीखाली, एक बारीक खोल रेघ होती. पेन्सिलीची नव्हे, नखाची. तशीच तेवीस तारखेखाली.

"ही यादी कुणीतरी कशाशी तरी ताडून बघितली आहे," बाबा म्हणाले. "दुसरं कशाशी ताडणार? वहीशीच. यादी इंग्रजीत, वही कन्नड अक्षरात. लिंबाजीला दोन्ही येत नाहीत. वीरभद्रअप्पांना कन्नड वाचता येत नाही. शिवम्मा तर शाळेतच गेली नाही. काकांना आता दिसत नाही."

"मल्लिकार्जुन," मी म्हणाले. "काकांनीच त्याला कन्नड अक्षरं शिकवलीत. पण का? तो तर बापाला देव मानतो."

"त्याचीच मला भीती वाटतेय. त्यानं ताडून बघितलं आणि मग लपवलं. पाहुण्यानं वाचू नये असं काहीतरी त्या वहीत आहे."

बुधवारी सातच्या गाडीत आम्ही दोघं मल्लिकार्जुनच्या शेजारी जाऊन बसलो.  चाकूर आलं तेव्हा बाबांनी खिशातून पत्र काढून त्याच्या मांडीवर ठेवलं आणि नखाच्या रेघेवर बोट ठेवलं. बस्स, एवढंच. पोराच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुढच्या सीटवरच्या बाईनं कुतूहलानं मागं वळून बघितलं, तेव्हा मी तिला खिडकीबाहेरची वाळलेली बाभळ दाखवली.

लातूरच्या कचेरीत उस्मानाबादहून आलेली दफ्तरं अजून लाल फडक्यांत बांधलेलीच होती, पार छतापर्यंत. नव्या जिल्ह्यात वस्तू हरवायला यासारखी जागा नव्हती. मल्लिकार्जुननं कोपऱ्यातलं एक गाठोडं सोडलं आणि आतून वही काढली. आम्ही बाहेर लिंबाखाली बसलो. त्यानं वाचून दाखवलं.

"‘मंगळवार. शिवरात्र. उपास. दुसऱ्याची पाळी पण मीच घेतली, रात्रभर जागायचंच आहे. मनातल्या मनात तिसऱ्या प्रहराचा बेल वाहिला. मग उजवीकडे जहाज. खूण विचारली. जबाब के आर, दोनदा. साहेबाला बरोबर म्हणालो. साहेब चूक म्हणाला. तोफ. माणसं पाण्यात.’"

वाचून त्यानं वही मिटली.

"मंगळवार लिहिलंय, मास्तर. अप्पांनी, माझ्या वडिलांनी, स्वतःच्या हातानं. म्हणजे बारा वाजायच्या आतच झालं. साहेब खरं बोलला. मंगळवारी के आर चूकच. अप्पा सगळा जन्म ज्याच्यावर शपथ घेत आले ते..." त्यानं डोळे पुसले. "लहानपणी पोरं मला जहाजबुडव्याचा म्हणायची. मी मारामाऱ्या केल्या. आता पाहुणा ही वही वाचणार आणि जगापुढं छापणार. माझ्या हातानं मी ती कशी देऊ?"

बाबांचा चेहरा पडला. तार ऑफिसात बारा वाजले की तारीख बदलायची, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं. त्यांनाही दुसरं काही दिसत नव्हतं, आणि मलाही नाही. परतीच्या गाडीत आम्ही वही घेऊन बसलो होतो, पण ती कुणाच्या हातात द्यायची ते ठरत नव्हतं.

५

स्टँडावर उतरलो तर समोरून शिवम्माकाकू रिकामी घागर घेऊन येत होत्या.

"आज राती परत टँकर हाय म्हनत्यात," त्या म्हणाल्या.

बाबांना आपली जुनी तफावत आठवली असावी. "काकू, परवाचा टँकर नेमका केव्हा आला होता?"

"सांगितलं न्हवं, सोमवारी."

"किती वाजता?"

"घड्याळ कुठलं आमच्यापाशी? कोंबडं आरवायच्या आदी. चारचा सुमार असंल."

"म्हणजे मंगळवारी पहाटे."

काकूंनी बाबांकडे असं बघितलं की मी शिकवते त्या वर्गातल्या ढ पोराची मला आठवण झाली. "मंगळवार कसा, मास्तर? दिस कुठं उगवला व्हता? दिस उगवल्याबिगर वार बदलतो का? माझा सोमवारचा उपास बी तवर सुटला नव्हता."

बाबा स्टँडावर, भर उन्हात, जागच्या जागी उभे राहिले. एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, त्यांना ऐकू येत नव्हतं.

"लता," ते म्हणाले, "खोटं कुणीच बोललं नाही."

घरी येऊन त्यांनी मल्लिकार्जुनला समोर बसवलं. तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून आमच्याबरोबर आला होता.

"तुझ्या कचेरीचा वार बाराला बदलतो. माझ्या तारेचा बाराला बदलायचा. आरमाराचाही बाराला. पण तुझ्या आईचा वार सूर्याबरोबर बदलतो. आणि वही लिहिली ती तुझ्या बापानं, तेवीस-चोवीस वर्षांच्या पोरानं, आजोळच्या मठात अक्षरं शिकलेल्या. शिवरात्रीचा उपास दुसऱ्या दिवशी सकाळी सुटतो. तोवर त्याच्यासाठी मंगळवारच."

"हे तुम्ही म्हणता, मास्तर. पाहुणा का मानेल?"

"मानायला लावू. वहीचं पहिलं पान काढ. मुंबई कधी सोडली?"

त्यानं पानं उलटली. "‘शुक्रवार. पहाटे तीनला मुंबई सोडली.’"

मी पत्र हातात घेतलं आणि मोठ्यानं वाचलं. सरकारी नोंद, शनिवार, एकोणीस फेब्रुवारी, पहाटे तीन. 

"बघ," बाबा म्हणाले. "सरकारचा शनिवार तो अप्पांचा शुक्रवार. पहाटेची गोष्ट ते आदल्या वारात धरतात, आणि इथं सरकारी कागदच साक्षीला आहे. आता राहिलं एवढंच, की त्या मंगळवारी वेळ बाराच्या आधीची का नंतरची. ते काकांनी लिहूनच ठेवलंय. तू वाचून दाखवलंस आणि आपण दोघंही गाढवासारखे पुढं गेलो."

"तिसरा प्रहर," मल्लिकार्जुन हळू आवाजात म्हणाला.

"शिवरात्रीच्या रात्रीचे प्रहर चार. दोन मध्यरात्रीच्या अलीकडे, दोन पलीकडे. तिसऱ्या प्रहराचा बेल वाहिला आणि मग जहाज दिसलं. म्हणजे बारा वाजून गेले होते. म्हणजे बुधवारची अक्षरं, के आर. जबाब बरोबर."

एक धागा बाबांनी अजून ओढायचा ठेवला होता. त्यांनी ओसरीवरून लिंबाजींना हाक मारली.

"लिंबाजीराव, तुम्ही पाळीवर आलात तेव्हा संगप्पा डोळे मिटून, छातीला हात लावून उभा होता. तुमची पाळी किती वाजता लागायची?"

"बाराला."

"आणि तोफ?"

"त्याच्या बऱ्याच नंतर. म्या आलो तवा त्यानं इचारलं, बारा झाले का? म्या म्हनलो झाले. मग त्यानं डोळे मिटले, लिंगावर हात ठिवला." लिंबाजी थांबले. आपण काय बोलतोय ते त्यांचं त्यांनाच आता उमगत होतं. "पूजा करून राहिला व्हता व्हय तो? मला वाटलं भुकेनं कळ आली."

"हे बारा वाजल्याचं चौकशीत का नाही सांगितलं?"

"कुनी इचारलंच न्हाई, मास्तर. तोफ सुटल्यावर समदेच वर धावले. त्यांना वाटलं म्या बी तवाच आलो. आन् भांडन कशावर हाय ते इंग्रजीत चाललेलं, आमाला काय कळतंय?"

६

मल्लिकार्जुन उठून समोरच्या घरात गेला. आम्हीही मागोमाग गेलो.

"अप्पा, वही म्या घेतली व्हती," तो म्हणाला. कचेरीची भाषा त्याच्या तोंडून पार गेली होती. "मला वाटलं..."

"तुला वाटलं, बाप खोटं बोलला."

मल्लिकार्जुननं मान खाली घातली. काकांना ती दिसली नसणार, पण ते समजले.

"आन् तरी जाळली न्हाईस?"

"तुमचं अक्षर हाय, अप्पा. जाळवंना."

काकांनी हात पुढं केला आणि चाचपडत पोराच्या डोक्यावर ठेवला. बराच वेळ तो तिथंच होता. मग लिंबाजी दारातून आत आले, खाली बसले आणि काकांच्या पायाला हात लावायला वाकले. काकांनी पाय आखडून घेतले.

"गप बस," ते म्हणाले. "तू खरं बोललास. मला राग त्याचा न्हवता. नंतर एक डाव बी भेटाया आला न्हाईस, त्याचा व्हता."

गुरुवारी कमांडरसाहेब आले. उंच, पांढऱ्या मिशांचे, उकाड्यानं हैराण झालेले. काकूंनी त्यांना पाणी दिलं, आमच्या दोन्ही घरांत मिळून उरलेलं शेवटचं. बाबांनी वही, पत्र आणि लिंबाजी असे तीनही पुरावे ओळीनं त्यांच्यापुढं मांडले. साहेबांनी बारीकसारीक प्रश्न विचारले. शिवरात्रीची पूजा कशी करतात ते काकूंना दोनदा विचारलं. मुंबई सोडल्याची नोंद त्यांनी स्वतःच्या कागदांशी ताडली. दीड तासानं त्यांनी चष्मा पुसला.

"सरकार जुना निकाल बदलेल का, मला सांगता येणार नाही," ते म्हणाले. "पण ही वही दोन्ही देशांच्या कागदांना जोडली जाईल आणि माझ्या पुस्तकात छापली जाईल. संगप्पा, तुमच्यावरचा डाग धुऊन निघाला असं मी लिहिणार आहे."

वीरभद्रअप्पा दाराआडून ऐकत होते, ते डोळे पुसत आत आले. काका मात्र अस्वस्थच होते.

"पुस्तकाला येळ लागंल, सायेब," ते म्हणाले. "ती बहीण हाय म्हनता न्हवं, इंगा. तिला आधी कळवा. आज. मी सांगतो तसं लिवा."

साहेबांनी कागद काढला, पण मल्लिकार्जुननं तो त्यांच्याकडून मागून घेतला. इंग्रजीत तोच लिहिणार होता.

"लिव, की बाई, तुमच्या भावाला म्या कधी बघितलं न्हाई," काका म्हणाले. "अंधार व्हता. त्याचा दिवा तेवढा बघितला. हात मोठा सफाईचा व्हता त्याचा. त्यानं जबाब दोनदा दिला आन् दोन्ही येळा बरोबर दिला. म्या वाचला."

मल्लिकार्जुन लिहीत होता. काका थांबले. पुढचं सांगावं की नाही असं त्यांचं चाललेलं दिसत होतं.

"दुसऱ्यांदा का दिला ते बी लिव," ते म्हणाले. "आमच्यात कायदा व्हता. जबाब कळला की आपन दिवा एकदा लांब दाबायचा, म्हंजे समोरच्याला कळतं, आपलं पोचलं. पहिल्या जबाबाला म्या दिवा दाबला न्हाई. आधी सायबाला सांगाया वळलो. तो पोरगा वाट बघून परत सांगत व्हता. म्या दिव्यावर हात ठिवला, तेवढ्यात तोफ सुटली."

 बत्तीस वर्षं तारा घेतलेल्या माझ्या वडिलांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"तिला लिव," काका म्हणाले, "त्याचं पोचलं."